टस्कीगीच्या पलीकडची शंभर नावं

मराठी वाचणाऱ्या घरात टस्कीगी हे नाव परकं नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि तेव्हापासून शाळेच्या बक्षीस समारंभातून, वाढदिवसाच्या भेटीतून, वाचनालयातल्या पुन्हा पुन्हा शिवलेल्या प्रतींमधून ते आपल्याकडे वाचलं जातंय. त्यामुळे अलाबामातली कपाशीने चोथा झालेली जमीन, तिच्यात भुईमूग लावा असं सांगणारा तो शांत माणूस आणि त्याला १८९६ साली बोलावून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन आपल्याला चांगले ठाऊक असतात. ओळख बहुतेक वेळा इथेच थांबते. टस्कीगी ही एकुलती एक, जगावेगळी संस्था होती असं मनात राहून जातं. तशा सुमारे शंभर संस्था अमेरिकेत आजही चालू आहेत. तिकडे त्यांना 'एचबीसीयू' म्हणतात. १९६४ च्या आधी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेली कॉलेजं आणि विद्यापीठं, अशी त्यांची व्याख्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केली.

मी मेरीलँडमध्ये राहते आणि कामासाठी वॉशिंग्टनला जाते. जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने हॉवर्ड विद्यापीठाच्या फाउंडर्स लायब्ररीचा घड्याळाचा मनोरा दिसतो. त्या मनोऱ्याखाली काय काय घडलं ते वाचायला लागले आणि मग एकेक नाव दुसऱ्या नावाकडे घेऊन गेलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत एकदा हा विषय निघाला, तेव्हा एका काकांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "आता कुणालाही कुठेही प्रवेश मिळतो ना? मग यांची वेगळी कॉलेजं हवीत कशाला?" प्रश्न रास्त आहे. आरतीच्या गडबडीत त्याला उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात वाचण्यापासूनच करायला हवी, कारण दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचं बंड झालं आणि त्यानंतर हे कायदे आणखी आवळले गेले. मालकांची भीती अनाठायी नव्हती. ज्याला लिहिता येतं तो मालकाच्या सहीचा परवाना स्वतःच तयार करून मळ्याबाहेर पडू शकतो. ज्याला वाचता येतं त्याला उत्तरेत काय चाललंय ते कळतं. गुलामी नसलेल्या उत्तरेत पेनसिल्व्हेनियातलं चेनी १८३७ पासून, लिंकन १८५४ पासून आणि ओहायोतलं विल्बरफोर्स १८५६ पासून होतं. दक्षिणेत मात्र १८६५ साली उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपेपर्यंत सगळं चोरून. मग सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली. हातात जमीन नाही, पैसा नाही, कित्येकांना आडनावही नाही, आणि या माणसांनी जागोजागी पहिल्यांदा मागितलं ते काय, तर शाळा.

अलाबामातल्या टॅलाडेगा गावची हकीकत मला या सगळ्यात फार जवळची वाटते. तिथे १८५० च्या दशकात गोऱ्या मुलांसाठी एक देखणी विटांची शाळा उभी राहिली होती. ती बांधली गुलामांनी. ज्यांचे हात त्या विटांना लागले त्यांच्या मुलांना त्या दारातून आत जायची बंदी. युद्धानंतर, १८६५ मध्ये, विल्यम सेव्हरी आणि थॉमस टॅरंट या दोघा माजी गुलामांनी एका घरात शाळा सुरू केली. मुलं इतकी आली की जागा पुरेना. तेवढ्यात ती जुनी विटांची इमारत विक्रीला निघाली आणि १८६७ मध्ये मिशनरी संस्थेच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या मदतीने तीच विकत घेतली गेली. बांधकामावर राबलेल्यांपैकी अँब्रोज हेडन नावाच्या सुताराची मुलं पुढे त्याच इमारतीत शिकली. तिला आज स्वेन हॉल म्हणतात.

टेनेसीतल्या नॅशव्हिलला फिस्क विद्यापीठ जानेवारी १८६६ मध्ये सुरू झालं ते लष्करी इस्पितळाच्या लाकडी बराकींमध्ये. गावात गुलामांच्या बाजाराचा जुना कोंडवाडा होता. तिथे गंजलेल्या बेड्या आणि साखळदंड पडलेले होते. मुलांनी ते भंगारात विकले आणि आलेल्या पैशांतून बाराखडीची पुस्तकं आणि बायबलं आणली, असं फिस्कच्या जुन्या वृत्तांतांत नोंदलेलं आहे.

पाच वर्षांत हे विद्यापीठ डबघाईला आलं. बराकी कुजल्या, जेवणाची भ्रांत झाली. जॉर्ज व्हाइट हे खजिनदार होते आणि गाणंही शिकवत. त्यांनी ठरवलं की मुलांना घेऊन उत्तरेत जायचं, गायचं आणि पैसे जमवायचे. त्यांच्या बरोबर होती एला शेपर्ड. ती जन्मली गुलामीत. बापाने पैसे मोजून तिला सोडवली, आई मात्र मागे राहिली. ती फिस्कला आली तेव्हा तिच्याकडे अवघे सहा डॉलर होते. पियानो ती वाजवायची, तालमी ती घ्यायची, आणि पुढे गायकांची मोट तिनेच बांधून ठेवली. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ मुलंमुली निघाली. त्यांतली बहुतेक गुलामीत जन्मलेली होती.

ही मुलं सुरुवातीला गात होती ती त्या काळच्या गोऱ्या समाजातली गाणी. आईबापांची गाणी, म्हणजे शेतात, रात्री झोपडीत, देवाच्या नावाने आणि पळून जाण्याच्या आशेने म्हटलेली ती गाणी, त्यांना लोकांपुढे न्यायची नव्हती. एला शेपर्डने पुढे लिहून ठेवलंय की त्या गाण्यांशी गुलामीचा काळ बांधलेला होता आणि शिवाय ती आईबापांच्या पूजेची गोष्ट होती. व्हाइट यांच्या घरी जमिनीवर बसून, आवाज दाबून, मुलं ती एकमेकांकडून शिकत. परक्यांपुढे ती उघडायला त्यांना बराच काळ लागला. मला हा संकोच फार मोलाचा वाटतो. दात्यांसमोर दुःख मांडून पैसा मिळवता येतो हे त्यांनाही कळत असणार, तरी त्यांनी आधी ते नाकारलं. अखेर ती गाणी त्यांनी गायली तेव्हा स्वतःच्या हिमतीवर, उभं राहून, मैफलीच्या शिस्तीत गायली. विदूषकी चेहरा रंगवून काळ्यांची नक्कल करण्याचे तमाशे तेव्हा अमेरिकेत जोरात होते. काळा माणूस मंचावर आला की हसायचं, एवढंच गोऱ्या प्रेक्षकाला माहीत होतं.

दौऱ्याच्या सुरुवातीला सिनसिनाटीत त्यांना सुमारे ५० डॉलर मिळाले. त्याच दिवसांत शिकागोला मोठी आग लागली होती. स्वतःच्या अंगावर धड गरम कपडे नसलेल्या या मुलांनी ते पैसे आगीत घरं गमावलेल्यांना देऊन टाकले. हॉटेलांनी खोल्या नाकारल्या, आगगाडीत अपमान झाले. पण हिवाळा संपेपर्यंत ब्रुकलिनचं चर्च दणाणून गेलं, मार्च १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे गाणं झालं आणि १८७३ साली इंग्लंडात राणी व्हिक्टोरियासमोर. त्या पैशांतून नवी जागा घेतली आणि १ जानेवारी १८७६ रोजी तिच्यावर ज्युबिली हॉल उभा राहिला. तो आजही मुलींचं वसतिगृह म्हणून वापरात आहे.

याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशाही त्यांनी तिथेच लिहिली. फिस्कची मुलं तेव्हा इंग्लंडात गात होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण शूद्रातिशूद्रांच्या मुलींसाठी भिडेवाड्यात आणि इतरत्र शाळा चालवणारा माणूस अर्पणपत्रिकेसाठी अमेरिकेकडे पाहतो, ते सगळं एकाच काळात घडत होतं.

पुढे कोणतं शिक्षण द्यायचं यावरून मोठा वाद झाला. बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत, आधी हातातलं कौशल्य, शेती, वीटकाम, सुतारकाम. टस्कीगीच्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनीच भाजल्या होत्या. फिस्कचे विद्यार्थी आणि पुढे अटलांटा विद्यापीठातले प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस म्हणत, हे ठीक आहे, पण आमच्या मुलांना ग्रीक, गणित आणि तत्त्वज्ञानही हवं, आणि मताचा हक्क तर आजच हवा. या वादावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी लांबवत नाही. माझा कल ड्यू बॉइस यांच्याकडे आहे. मात्र टस्कीगीने गावोगावच्या शाळांसाठी शिक्षक घडवले नसते, तर कॉलेजात येणारी मुलं आली कुठून असती, हेही खरं.

आता हॉवर्ड. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा तिथल्या कायद्याच्या वर्गात आहे.

हॉवर्ड १८६७ मध्ये स्थापन झालं. पहिल्या चार विद्यार्थिनी कोण होत्या, तर संस्थेशी संबंधित गोऱ्या मंडळींच्या मुली. या संस्थांनी रंग बघून दार लावलं नाही. दारं लावणारे दुसरे होते. कायद्याची शाखा १८६९ ची. १८७२ साली तिथून शार्लट रे पदवी घेऊन बाहेर पडली, ती अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय महिला वकील. पुढे पन्नासएक वर्षं ही शाखा मुख्यतः संध्याकाळची होती. दिवसभर सरकारी कचेरीत किंवा दुकानात राबून आलेली माणसं तिथे शिकत.

१९२९ साली चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन तिथे उपअधिष्ठाता म्हणून आले. हार्वर्डच्या कायदा नियतकालिकाच्या संपादक मंडळावर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते आणि गोऱ्या अमेरिकी सैनिकांकडून झालेला अपमान त्यांनी तिथेच सोसला होता. आल्या आल्या त्यांनी संध्याकाळची शाळा बंद करून पूर्ण वेळेची केली. विद्यार्थी घटले, माजी विद्यार्थी चिडले, शिव्याशाप झाले. पण १९३१ मध्ये शाखेला अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली. शिस्त इतकी कडक की मुलं त्यांना पाठीमागे 'लोखंडी बूट' म्हणायची. ते मुलांना न्यायालयात नेत, तुरुंगात नेत, पोलीस ठाण्यात नेत. त्यांचं एक वाक्य हॉवर्डमध्ये अजून सांगतात: वकील एक तर समाजाचा इंजिनिअर असतो, नाहीतर समाजावरचं बांडगूळ.

त्यांच्या वर्गात थर्गुड मार्शल नावाचा बाल्टिमोरचा उंच, बोलका मुलगा होता. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल त्याच्या घरापासून जवळ होतं, पण तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून तो रोज पहाटे उठून आगगाडीने वॉशिंग्टनला यायचा. फीसाठी आईने लग्नातली अंगठी गहाण टाकली. १९३३ मध्ये तो वर्गात पहिला आला. दोनच वर्षांनी गुरू आणि शिष्य दोघे मिळून बाल्टिमोरच्या न्यायालयात उभे राहिले, डोनल्ड मरे या विद्यार्थ्याच्या बाजूने, त्याच मेरीलँडच्या लॉ स्कूलविरुद्ध. ते जिंकले. १९३६ च्या जानेवारीत अपिलातही निकाल कायम राहिला. मी ज्या राज्यात राहते तिथली ही गोष्ट, आणि इथे आल्यावर बरीच वर्षं ती मला कुणी सांगितली नव्हती.

ह्यूस्टन यांची चाल समजून घेण्यासारखी आहे. १८९६ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वेगळं ठेवायला हरकत नाही, सोयी समान असल्या म्हणजे झालं. समान तर कुठेच नव्हतं. ह्यूस्टन यांनी आधी 'वेगळं' वर हल्ला केला नाही. त्यांनी 'समान' शब्दाला धरलं. आमच्यासाठी स्वतंत्र पण तंतोतंत समान लॉ स्कूल काढा, प्राध्यापक नेमा, ग्रंथालय भरा. हा खर्च राज्यांना झेपणारा नव्हता. सुरुवात लॉ स्कूलपासून केली, कारण न्यायाधीश स्वतः त्याच वर्गांतून गेलेले असतात. चांगल्या आणि नावापुरत्या लॉ स्कूलमधला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. शाळांची अवस्था दाखवायची तर पुरावा हवा, म्हणून हा हार्वर्डचा पदवीधर कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनाच्या खेड्यांत फिरला. फळ्यांच्या भिंती, शेकोटीसाठी लाकूड नाही, आणि जवळच गोऱ्या मुलांची पक्की शाळा, हे सगळं त्याने चित्रित करून आणलं.

पुढची वीस वर्षं खटल्यामागून खटला झाला. हॉवर्डमधले जेम्स नॅब्रिट यांनी १९३८ मध्ये नागरी हक्कांच्या कायद्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या कुठल्याही लॉ स्कूलमध्ये तोवर तसा अभ्यासक्रम नव्हता. सर्वोच्च न्यायालयात मोठा खटला असला की वकील आधी हॉवर्डमध्ये येत. प्राध्यापक न्यायाधीशांच्या जागी बसत आणि मुद्दाम वाकडे प्रश्न विचारत, विद्यार्थी मागे बसून सगळं ऐकत. १७ मे १९५४ रोजी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल लागला तो या तालमींतून तयार होऊन गेलेल्या वकिलांमुळे. ह्यूस्टन तो पाहायला नव्हते. १९५० च्या एप्रिलमध्येच ते गेले. मार्शल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

काकांच्या प्रश्नाला एक उत्तर इथेच मिळतं. 'आता कुणालाही कुठेही प्रवेश मिळतो' ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ती घडवणारे वकील याच 'वेगळ्या' कॉलेजांत शिकले आणि तिथेच त्यांनी तिची तयारी केली.

या कथेत पॉली मरे यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना रंगावरून नाकारलं. १९४१ मध्ये त्या हॉवर्डच्या लॉ स्कूलमध्ये आल्या, तर वर्गात त्या एकट्याच बाई. पहिल्याच दिवसांत एक प्राध्यापक म्हणाले, बायका इथे कशाला येतात कळत नाही, आणि वर्ग हसला. रंगाचा जाच सोसलेली पुरुष मंडळी बाईच्या बाबतीत तसंच वागतात हे त्यांनी उघड बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणं होतं की 'समान सोयी'च्या आडून लढणं पुरे झालं, आता 'वेगळं' या कल्पनेलाच हात घाला. मुलगे हसले. मरे यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली: १८९६ चा तो निकाल २५ वर्षांच्या आत उलटेल. तो दहा वर्षांतच उलटला. आणि रॉबिन्सन यांनी त्या खटल्याच्या तयारीत मरे यांनी विद्यार्थीदशेत याच मुद्द्यावर लिहिलेला निबंध बाहेर काढून वापरला होता, हे मरे यांना खूप नंतर कळलं. १९४४ मध्ये त्या वर्गात पहिल्या आल्या. पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला अर्ज केला, तो स्त्री म्हणून नाकारला गेला.

मरे विद्यार्थिनी असतानाच, १९४३ च्या एप्रिलमध्ये, हॉवर्डच्या मुलींनी आणि मुलांनी जवळच्या लिटल पॅलेस कॅफेटेरियात जाऊन रिकाम्या ताटांसमोर पुस्तकं उघडून बसायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत मालकाने सर्वांना वाढायला घेतलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खानावळीत तोच प्रयोग चालू असताना विद्यापीठानेच त्यांना थांबायला सांगितलं. हॉवर्डचं अनुदान थेट अमेरिकी काँग्रेसमधून येतं, आणि तिथे दक्षिणेकडचे खासदार बसलेले होते. ज्याचा पैसा त्याचा धाक, ही अडचण या संस्थांना कायम राहिली. कित्येक कुलगुरू आणि प्राचार्य विद्यार्थ्यांपेक्षा राज्यपालाला अधिक भ्यायले. माँटगोमेरीच्या अलाबामा स्टेटने १९६० मध्ये न्यायालयाच्या उपाहारगृहात बसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यपालाच्या दबावाखाली काढून टाकलं. मुलं न्यायालयात गेली आणि १९६१ मध्ये निकाल लागला की सरकारी विद्यापीठाला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. आज अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्या, पुण्याहून गेलेल्या मुलालाही तो निकाल संरक्षण देतो.

ग्रीन्सबरोची हकीकत जगजाहीर आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी कॉलेजची पहिल्या वर्षाची चार मुलं वूलवर्थच्या दुकानात खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. शेजारच्या बेनेट कॉलेजच्या मुली त्या बेतात आधीपासून होत्या आणि नंतर दिवसेंदिवस तिथे बसल्याही, पण पुतळा उभा राहिला तो चार मुलग्यांचा. जुलैच्या २५ तारखेला काउंटर उघडलं तेव्हा तिथे बसून जेवलेल्या पहिल्या माणसांत होत्या त्याच दुकानात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बायका. मिसिसिपीच्या टूगलू कॉलेजची नऊ मुलं मार्च १९६१ मध्ये जॅक्सन शहराच्या गोऱ्यांपुरत्या सार्वजनिक वाचनालयात गेली, पुस्तकं घेऊन बसली, शांतपणे वाचू लागली आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली. शंभर वर्षांपूर्वी त्याच मिसिसिपीत त्यांच्या पणजोबांना अक्षर शिकणं मना होतं. या टूगलूत एर्न्स्ट बोरिन्स्की शिकवत होते, नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू वकील. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत जागा न मिळालेल्या अशा कित्येक ज्यू विद्वानांना याच कॉलेजांनी नोकरी दिली. बोरिन्स्की १९४७ पासून मरेपर्यंत तिथेच राहिले.

बेंजामिन मेज यांचं वर्ध्याशी नातं आहे. साउथ कॅरोलायनातल्या कूळ शेतकऱ्याचा हा मुलगा, तेव्हा हॉवर्डमध्ये धर्मशाखेचा प्रमुख. १९३६-३७ च्या हिवाळ्यात म्हैसूरच्या वायएमसीए परिषदेसाठी भारतात आले असताना ते वर्ध्याला गांधीजींना भेटले. अहिंसेवर बोलणं झालं. अस्पृश्यतेइतकाच जातिव्यवस्थेवरही हल्ला का करत नाही, असं मेज यांनी विचारलं. गांधीजींच्या उत्तराने त्यांचं पूर्ण समाधान झालं नसावं असं त्यांचं वर्णन वाचताना मला वाटतं. १९३६ हेच बाबासाहेबांच्या जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणाचंही वर्ष. म्हैसूरजवळच्या एका गावात अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतला, पुढे गेलेला एक अस्पृश्य म्हणून. ऐकून ते आधी दुखावले. मग विचार केला तेव्हा त्यांना पटलं की आपल्या देशात आपण तेच आहोत. मेज १९४० मध्ये अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. चारच वर्षांनी पंधरा वर्षांचा एक मुलगा तिथे दाखल झाला. मंगळवारी प्रार्थनेनंतर मेज बोलत, तो मुलगा टिपणं काढत बसे आणि नंतर वाद घालायला त्यांच्या मागे मागे जाई. मार्टिन लूथर किंग यांनी मेज यांना आयुष्यभर आपले गुरू मानलं.

डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. १९१० मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाची तपासणी करणारा फ्लेक्सनर अहवाल आला. तेव्हा कृष्णवर्णीयांची सात वैद्यकीय कॉलेजं होती. अहवालानंतर पाच बंद पडली. उरली वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. गोरी कॉलेजं काळ्यांना घेत नव्हती, त्यामुळे पुढची पन्नास वर्षं जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय डॉक्टर या दोन दारांतून आले. आजही न्यू ऑर्लिन्सचं छोटंसं झेवियर विद्यापीठ वैद्यकीय शिक्षणाला जेवढे कृष्णवर्णीय विद्यार्थी पाठवतं, तेवढे मोठमोठ्या विद्यापीठांना जमत नाहीत. २००५ च्या कॅटरिना वादळात ते सगळं पाण्याखाली गेलं होतं आणि जानेवारी २००६ मध्ये तिथे वर्ग पुन्हा भरले.

आणि आता पैसा. या विषयावर मला राग येतो, तो लपवत नाही.

१८९० च्या कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना सांगितलं की केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या शेतकी आणि तांत्रिक विद्यापीठात एक तर सगळ्यांना घ्या, नाहीतर काळ्यांसाठी वेगळं काढा. राज्यांनी वेगळी काढली आणि मग त्यांना उपाशी ठेवलं. हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यांच्या राज्यपालांना पत्रं लिहिली. १९८७ ते २०२० या काळात या विद्यापीठांना विद्यार्थ्यामागे त्याच राज्यातल्या गोऱ्या शेतकी विद्यापीठाइतका पैसा मिळाला असता, तर त्यांच्याकडे १२ अब्ज डॉलरांहून जास्त आले असते. एकट्या टेनेसी स्टेटचे सुमारे २.१ अब्ज. १९८७ ते २०२०, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत.

माझ्या मेरीलँडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेटमध्ये एमबीएचा अभ्यासक्रम होता. २००५ मध्ये राज्याने शेजारच्या टाउसन आणि बाल्टिमोर या दोन विद्यापीठांना मिळून तसाच एमबीए काढायला परवानगी दिली. मॉर्गनकडे जो काही वेगळेपणा होता तोच असा उचलून दुसऱ्याला दिला की बाकीच्या समाजातली मुलं तिथे यायची कशाला? यायची थांबली की मग म्हणायचं, बघा, यांच्याकडे फक्त काळीच मुलं जातात. २००६ मध्ये खटला झाला. २०२१ मध्ये राज्याने मॉर्गनसारख्या चार विद्यापीठांसाठी ५७ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. पंधरा वर्षं. त्या काळात प्रवेश घेतलेला विद्यार्थी पदवी घेऊन, लग्न करून, मुलं शाळेत घालून मोकळा झाला असेल.

उणिवा आहेत. हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी २०२१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर वसतिगृहांतल्या बुरशीविरुद्ध महिनाभराहून जास्त ठिय्या दिला. व्हर्जिनियाचं सेंट पॉल्स कॉलेज २०१३ मध्ये बंद पडलं. टस्कीगीच्याच आवारातून १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश उपचाराविना बघत ठेवला आणि संस्थेने त्यात सहकार्य केलं. कार्व्हरवर प्रेम करणाऱ्यांनी हेही माहीत करून घ्यायला हवं.

तरीही अमेरिकेतल्या एकूण कॉलेजांच्या तीन टक्के असलेल्या या संस्था जवळजवळ दहा टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवतात, आणि पदवी घेणाऱ्या कृष्णवर्णीयांत त्यांचा वाटा त्याहून बराच मोठा आहे. हे कसं होतं, ते मॉर्गनमध्ये शिकलेल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीने मला सांगितलं. ती म्हणाली, "शाळेत गणिताला पहिली आले की लोक आधी चकित व्हायचे आणि मग शाबासकी द्यायचे. कॉलेजात चार वर्षं कुणी चकितच झालं नाही. सर म्हणायचे, हे तुला येणारच होतं, आता पुढचं कर." मार्शल यांचे ह्यूस्टन सरही याहून वेगळं काही म्हणत नव्हते. काकांच्या प्रश्नाला माझं दुसरं उत्तर हे. प्रवेशाचं दार उघडलं म्हणून आतल्यांच्या नजरा बदलतात असं नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला चार वर्षं त्या नजरांशिवाय शिकायला मिळणं ही चैन नव्हे.

ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत एक पत्र आहे, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये त्यांना लिहिलेलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांची आणि तुमची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास करणं आम्हाला गरजेचंच आहे, असं ते लिहितात. ड्यू बॉइस यांनी जुलैच्या अखेरीस उत्तर दिलं: तुमचं नाव आणि काम मला माहीत आहे, माझी पूर्ण सहानुभूती आहे, लागेल ती मदत करीन. फिस्क, विल्बरफोर्स आणि अटलांटा या तीनही आवारांत वावरलेला माणूस हे लिहीत होता. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं.

दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो मुलं अमेरिकेत एमएस करायला येतात. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांच्या याद्या मी पाहते; त्यांत ही नावं नसतात, कारण सल्लागारांच्या तक्त्यात ती नसतात. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी हे विद्यार्थिसंख्येने या सर्वांत मोठं, १३ हजारांवर मुलं, आणि इंजिनिअरिंगला फार चांगलं. मॉर्गनलाही इंजिनिअरिंग आहे, हॉवर्डला तर जवळपास सगळंच. सगळ्या समाजांची, सगळ्या देशांची मुलं तिथे आजही घेतात. या वर्षी ज्यांनी मला विचारलं त्यांच्या याद्यांत मी ही तीन नावं लिहून दिली आहेत.